एकडोळी दुर्बीण आणि वायोमिंगचं रान

अमेरिकेहून परत आल्यावर विहारात ज्याला त्याला एकच विचारायचं होतं, ती मशालवाली बाई पाहिली का. पाहिली. जर्सी सिटीला पाण्याच्या काठावर उभं राहून पाहिली, तीही पाठमोरी. पाठमोऱ्या बाईकडे माणूस किती वेळ बघणार? जावयानं आइसक्रीम घेऊन दिलं, ते खाल्लं आणि घरी आलो. त्याच्यावर लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

मी लिहितो आहे ते एका दुकानाबद्दल आणि एका रानाबद्दल. माझं शिक्षण चौथी. उमरेडला नगरपरिषदेत वॉलमन होतो, म्हणजे टाकीवरून गावाला पाणी सोडायचं आणि बंद करायचं. त्यामुळे भाषा जशी येईल तशी वाचा. सुधारायला घरात होती ती आता नाही. माझी बायको पुष्पा या उन्हाळ्यात गेली. लोक धीर द्यायला येत आणि म्हणत, माणूस अर्धा होतो. अर्धा झालो असतो तर परवडलं असतं. मला तर माझी चड्डी-बनियान कुठल्या कपाटात असते तेही ठाऊक नव्हतं. शेवटी मुलगी म्हणाली, बाबा, उठा आणि इकडे या. मी गेलो.

वेस्ट विंडसर

मुलगी सुजाता न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहते. कॉम्प्युटरचं काम करते, उंचीनं आईवर गेली आहे. तिथल्या आपल्या बाया मला पाहिलं की "काका, जेवलात का?" विचारत आणि उत्तर देईपर्यंत डबाच हातात ठेवत. त्यांचं मी मनापासून मानतो. दुःखात माणसाला कोणी प्रश्न विचारू नये, पोळ्या द्याव्या.

आता मुख्य गोष्ट. माझी मुलगी शिकार करते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं तिला नादाला लावलं. परवाना असतो, परीक्षा असते, ठरावीक हंगाम असतो, सगळं कायद्यानं. पहिल्या हरणाचा फोटो तिनं उमरेडला पाठवला तेव्हा तिच्या आईनं तो पाहिला आणि फोन पालथा ठेवला. पुढच्या रविवारी व्हिडिओवर सुरू.

"रोज सकाळी वंदनेत पहिलं शील काय म्हणतेस गं तू? जिवाची हत्या करणार नाही, असंच ना?"

"आई, आज रविवार आहे. तुझ्या मागे गंजात काय शिजतंय?"

"मटण शिजतंय. मी शिजवते. मी मारत नाही!"

"मग कोण मारतं? तो बोकड काय आपल्या पायानं येऊन गंजात बसला?"

दोघी सगळ्या जगाबद्दल गोडीनं बोलत आणि फोन ठेवायच्या आधी यावर भांडत. हे कित्येक वर्षं चाललं. कोणीच हरलं नाही. मग पुष्पा गेली आणि भांडण अर्ध्यावर राहिलं.

पश्चिमेकडे वायोमिंग नावाचं राज्य आहे. तिथल्या हरणाचा परवाना सोडतीनं मिळतो. सुजाता दरवर्षी अर्ज करायची, नंबर लागायचा नाही. यंदा लागला. मी तिच्याकडे पोचल्यावर एक दिवस चहा पिता पिता ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी कॅन्सल करते. आणि परत कधी बंदुकीला हात लावत नाही."

"मला काहून विचारतेस? मी काय जज आहे?"

"आईला विचारता येत नाही आता."

मी चहा संपवला. आमच्या गावापासून जंगल जवळ, पण मी हरीण पाहिलं ते रस्ता ओलांडताना, शेपटीपुरतं. म्हटलं, "जे जनावर मी धड पाहिलं नाही त्याच्या जिवाचा निकाल मी इथं खुर्चीत बसून देऊ? आधी दाखव."

"मग चला माझ्यासोबत. पण बाबा, जनावर समोर आलं की सांगावं लागेल. तेव्हा गप्प नाही बसायचं."

"नाही बसणार."

जावई नितीन फक्त कोंबडी खातो आणि तीही हाडाशिवाय. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काय यार बाबा, तुम्हीपण तिच्या पार्टीत गेलात!"

दुकान

न्यू जर्सीकडच्या दाट झाडीत शिकारी झाडावर मचाण बांधून बसतो आणि हरीण खाली येतं. वायोमिंगला झाडच नाही. जनावर मैलावरून तुम्हाला बघतं. तुम्हीही त्याला मैलावरूनच बघायचं, ओळखायचं, आणि मग रांगत जवळ जायचं. त्यातून तिथल्या हरणांत माद्यांनाही बारकी शिंगं असतात. माद्यांसोबत यंदाची पिल्लं फिरतात, म्हणून सुजाताला नरच हवा होता. नराच्या गालावर काळा डाग असतो. मैलावरून गालाचा डाग दिसायचा तर साधी दुर्बीण पुरत नाही. एकाच डोळ्यानं बघायची लांबडी दुर्बीण लागते, तिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. मी तिला एकडोळी म्हणतो. आणि तिच्याखाली तीन पायांचा ट्रायपॉड.

डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. तिथं हमरस्त्याला लागून असं दुकान की आमचा आठवडी बाजार आत मावेल. दारात पेंढा भरलेलं अस्वल उभं. काउंटरवर रॉन नावाचा दाढीवाला, पोट सुटलेला माणूस. मला तो "सर" म्हणाला. मला जन्मात कोणी सर म्हटलं नाही, पाणी वेळेवर सोडलं तेव्हाही नाही.

त्यानं एकेक एकडोळी काउंटरवर लावली आणि दुकानाच्या पार त्या टोकाला टांगलेल्या सांबराच्या मुंडक्यावर रोखून दिली. प्रत्येकीतून मला त्याच्या पापण्या दिसल्या. मी म्हटलं, "सगळ्या सारख्या. स्वस्तातली घे आणि चल."

सुजातानं हे रॉनला सांगितलं. तो हसला, तीन दुर्बिणी काखेत मारल्या आणि आम्हाला बाहेर पार्किंगमध्ये घेऊन गेला. म्हणाला, दुकानातल्या दिव्यात सगळ्याच चांगल्या. दिवस कलताना बघा.

खरंच होतं त्याचं. लांबवर एका चर्चची पाटी होती. ऊन उतरलं तशी स्वस्त दुर्बिणीत ती अक्षरं दूध सांडल्यासारखी झाली. मोठ्या काचेच्या दुर्बिणीत स्वच्छ, पण ती उचलायला नऊ महिन्यांच्या बाळासारखी. मधलीत अक्षरंही राहिली आणि खांदाही राहिला. मधली घ्यायचं ठरलं.

मी डोळा लावला तर मला सगळा अंधार आणि मधे चवलीएवढा उजेड. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. वाटलं, गेली आतली लेन्स. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. रॉनला कळलं. त्यानं डोळ्याजवळची रबराची वाटी फिरवून खाली बसवली. चष्मेवाल्यांनी ती तशी खाली बसवायची असते. चवलीचं ताट झालं. मी त्याच्याशी हात मिळवला.

मग खरा तिढा. या दुर्बिणी दोन तऱ्हेच्या. एक सरळ नळीसारखी, समोर बघायची. दुसरीचा डोळा वर वाकलेला, विहिरीत डोकावल्यासारखं खाली बघायचं आणि दिसतं समोरचं. सुजाताला सरळ हवी होती, जनावर त्यात पटकन सापडतं म्हणून. ट्रायपॉड तिच्या उंचीला लावला. मी टाचा उचलल्या तरी माझं कपाळच तिथं पोचलं. रॉन आत जाऊन एक लाकडी खोकं घेऊन आला आणि माझ्या पायापाशी ठेवलं.

"रानात खोकं कोण वाहणार?" सुजाता चिडली.

रॉननं तिला विचारलं, दोघांत जास्त कोण बघणार आहे?

"हे," ती म्हणाली. विचार न करता म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती ट्रायपॉडच्या पायाकडे बघत होती. रॉननं खोकं उचललं आणि वाकड्या डोळ्याची दुर्बीण लावली, माझ्या उंचीला. म्हणाला, आता तू वाक. उंच माणसाला वाकता येतं, बुटक्याला ताणता येत नाही. ती वाकली. दोघांनाही दिसलं.

ट्रायपॉडचं मीच ठरवलं. एक काळा, पिसासारखा हलका. शेजारून ट्रक गेला तर चर्चची पाटी थरथर कापायला लागली. दुसरा जरा जड, पण उभा राहिला. पाय लांब करायला एकात फिरवायच्या आट्या होत्या, दुसऱ्यात खटके. माझी बोटं सांध्यात धरतात, आट्या फिरवून फिरवूनच त्यांची ही गत झाली आहे. म्हटलं, खटकेवाला. खाली एक आकडा होता, वाऱ्यात त्याला पिशवी टांगायची म्हणजे बूड हलत नाही. मधला दांडा उगीच वर काढू नका, तो वर काढला की ट्रायपॉड नाचतो, हेही रॉननं बजावलं.

निघताना त्यानं काच पुसायचं एक मऊ फडकं माझ्या खिशात कोंबलं. सुजातानं त्याला काय सांगितलं होतं मला माहीत नाही. माझा खांदा दाबून तो काहीतरी बोलला. मी भाषांतर मागितलं नाही.

वायोमिंग

विमानाचं आणि मोटारीचं काय सांगायचं, ढुंगण दुखलं. पण उतरलो आणि वाटलं, एवढं आकाश एकाच ठिकाणी कशाला ठेवलं असेल! गवत सगळं वाळून कडब्याच्या रंगाचं. मधे मधे करड्या रंगाची झुडपं, त्यांचा पाला चुरडला की ओवा आणि कापूर मिसळल्यासारखा वास. वारा मात्र बेअकली. टोपी दोनदा नेली, तिसऱ्यांदा मी रुमालानं बांधली. रस्त्यावर तासात एखादी गाडी भेटते आणि चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तो त्यांचा रामराम, आपला जयभीम. मीही बोट उचलायला लागलो.

ज्यांच्या जमिनीवर शिकारीची परवानगी होती त्या ग्लेंडाबाईंच्याच घरी आम्ही उतरलो. हजारो एकरांच्या मालकीण, पण गोठ्यातले बूट घालूनच स्वयंपाकघरात. सकाळी त्यांनी फुगीर पावावर पांढरं पिठलं ओतून दिलं. पिठलं नव्हे ते, पण मी पिठलं समजूनच खाल्लं. मिठाची ओळख, मिरचीची नाही. दुसऱ्या दिवशी मी सोबत नेलेल्या मिरच्या त्यांच्या शेगडीवर भाजल्या, ठेचा करावा म्हणून. घरात असा ठसका उठला की छताला लावलेला धुराचा भोंगा बोंबलायला लागला आणि ग्लेंडाबाई, त्यांची दोन कुत्री आणि माझी मुलगी सगळे अंगणात. मी आत एकटा, बत्ता हातात.

"बाबा! घर पेटलं वाटलं त्यांना!" सुजाता खिडकीतून ओरडली.

बाई आत आल्या, डोळे पुसले, अंड्यावर थोडा ठेचा घेतला, खोकल्या, पाणी प्यायल्या आणि बशी पुन्हा पुढे केली. चांगल्या घरची बाई.

रानात गोळी चुकून लागू नये म्हणून भडक रंगाचा अंगरखा घालायचा असतो. सुजातानं केशरी काढला. मी म्हटलं, "जन्मभर निळ्या झेंड्याखाली चाललो, आता म्हातारपणी हा रंग नको घालूस मला." तर गुलाबीही चालतो म्हणे. मी गुलाबी घातला. तिनं फोटो काढून नितीनला पाठवला. त्याचं उत्तर मला दाखवलं नाही.

पहिल्या दिवशी एका टेकाडावर मांडामांड केली. मी घडीच्या स्टुलावर, समोर ट्रायपॉड, खाली आकड्याला पाण्याची पिशवी. वाकड्या डोळ्याचं एक आहे, हरीण इकडे आणि माणूस बघतो आभाळात. मला तासभर ढगच दिसले. सुजाता म्हणाली, आधी नळीच्या कडेनं नेम धरा, मोठं करायचं चक्र अगदी कमीवर ठेवा, सापडलं की मग वाढवा. मी शिकलो. आणि सापडलं!

"सुजी, हरीण! बसलं आहे. पांढरं पोट दिसतं, पाठ काळी. हलत नाही."

तिनं वाकून पाहिलं. दुपारचं ऊन तापलं होतं, जमिनीवरून झळा उठत होत्या, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं हलत होतं. ती म्हणाली, असेल. आणि पोटावर पडून सरकत निघाली. त्या गवतात बसके निवडुंग असतात. तिचे कोपर, गुडघे सगळे काट्यांनी भरले. तरी सरकत राहिली. जवळ गेल्यावर एकदम उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. ट्रॅक्टरचं जुनं मोठं टायर होतं. त्यात पाणी भरून ठेवलेलं, गुरांसाठी.

परत येऊन ती काटे काढत बसली. "बाबा, तुम्ही आयुष्यभर पाण्याच्या टाकीवर नोकरी केली ना?"

"आमच्या टाकीला पाय होते," मी म्हटलं.

त्या दिवसानंतर दुपारी दुर्बीण झाकून ठेवायची हे आम्ही ठरवलं. सकाळी आणि कलत्या उन्हातच बघायचं.

आणि मग मी बघत गेलो. पुस्तकात या हरणाला काय म्हणतात ते राहू द्या, तिथले लोक अँटिलोप म्हणतात. आपल्या काळविटाचा लांबचा भाऊ वाटावा असा, पोट आणि ढुंगण पांढरं, पाठ तांबूस. तारेचं कुंपण आलं की उडी मारत नाही, पोटावर दबून खालून निघतो. एक मादी उभ्या उभ्या झोपायची आणि पिल्लू तिच्या पोटात ढुशी मारून उठवायचं. एका म्हाताऱ्या नराला मागच्या पायानं कान खाजवताना तोल जायचा, मग इकडे तिकडे बघायचा, कोणी पाहिलं तर नाही. मी पाहिलं ना. मी जन्मभर रविवारी मटणाच्या दुकानात उभा राहिलो, सीना दे, चाप दे म्हणत. बोकडाच्या तोंडाकडे कधी बघितलं नाही. इथं दोन दिवस तोंडाकडेच बघत होतो.

सुजाता मला घाई करत नव्हती. नुसती मधे मधे विचारायची, "काय चाललंय त्यांचं?" आणि मी सांगायचो. पुष्पा गेल्यापासून मी कोणाला एवढं सलग काही सांगितलं नव्हतं. त्यासाठी मी त्या रानाचा ऋणी आहे, त्या दुर्बिणीचा आहे आणि खोकं उचलून नेणाऱ्या रॉनचा आहे.

तिसऱ्या सकाळी

वारा पडला होता. खालच्या सपाटीवर एक नर एकटाच चरत आला. सुजातानं पोटावर पडून बंदूक टेकवली. मी तिच्या शेजारी, डोळा लावून.

"बाबा, दिसतोय?"

"दिसतोय."

"नर आहे ना? नक्की?"

"थांब, मान वर करू दे." त्यानं मान वर केली. "नर आहे. गाल काळा आहे. आसपास कोणी नाही."

"सांगा आता."

मला वाटलं होतं, त्या वेळी काहीतरी सुचेल. शेवटी जे होतं ते बोललो.

"सुजी, तुझ्या आईनं नाहीच म्हटलं असतं. मेली म्हणून ती हो म्हणणार नाही. तिच्या वतीनं मी हो म्हणणार नाही, आणि तिचं 'नाही' तुझ्या गळ्यातही बांधणार नाही. ते भांडण तुम्हा दोघींचं. मला मिटवायला सांगू नको. राहू दे तसंच, चांगलं भांडण आहे."

नर पुन्हा चरायला लागला.

"माझं विचारत असशील तर मी खाणारा माणूस आहे. मारलंस तर मी खाईन आणि कोणापासून लपवणार नाही. सोडलंस तर ग्लेंडाबाईचं पांढरं पिठलं खाऊ. तू ठरव."

"हे काय उत्तर झालं, बाबा?"

"माझ्याजवळ एवढंच आहे."

तिनं गाल पुन्हा बंदुकीला टेकवला. मी डोळा काढला नाही. गप्प बसणार नाही म्हणालो होतो, तसं न बघताही बसणार नव्हतो. आवाज झाला तेव्हा नर जागीच बसला आणि उठला नाही.

आम्ही खाली गेलो. मी हात जोडले. शील मोडलं का? मोडलं. आम्ही खाणारे ते दर रविवारी मोडतो, दुसऱ्याच्या हातानं. त्या दिवशी मी तिथं उभा होतो, एवढाच फरक. सुजातानं सुरी काढली. मी पाय धरून ठेवले. अंगाची ऊब अजून होती. तिचे हात आईसारखेच चालत होते, भरभर आणि न सांडता. मांस कापडी पिशव्यांत भरलं. गाडी बरीच लांब होती, दोन खेपा लागणार होत्या. पहिली खेप पाठीवर घेऊन ती म्हणाली, "तुम्ही वर बसा, सामानाजवळ. मी येते."

मी टेकाडावर चढून स्टुलावर बसलो. ती गाडीपर्यंत गेली, ओझं उतरवलं. केशरी ठिपक्याएवढी दिसत होती. निघायला उशीर लागला म्हणून मी सहज नळीच्या कडेनं नेम धरला, चक्र वाढवलं.

ती गाडीच्या मागच्या फळीवर बसली होती. दोन्ही हात रक्ताचे, म्हणून चेहऱ्याला लावता येत नव्हते. ते तसेच लांब धरून ती रडत होती. तोंड उघडं टाकून, लहान पोर रडतं तशी. आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता. ओठ मात्र स्पष्ट दिसत होते, आई म्हणत होते. चांगली काच आहे ती.

तिला वाटत होतं मैलभर कोणी नाही. मी ट्रायपॉडची दांडी धरली आणि दुर्बीण दुसरीकडे, मोकळ्या गवताकडे फिरवली. तिचा वेळ तिला दिला.

ती परत आली तेव्हा हात-तोंड धुतलेलं होतं.

"काय दिसलं, बाबा?"

"काही नाही," मी म्हटलं. "वारा सुटतो आहे. चल, ही खेप मीपण थोडी घेतो."